उन्हात टाकलेल्या रेकॉर्डी

दहा मे. कुरड्यांच्या चिकाचा दिवस. भिजवून वाटलेल्या गव्हाचं सत्त्व रात्रभर पातेल्यात खाली बसलं होतं. वरचं पाणी ओतून दिलं आणि उजाडायच्या आत पातेलं गॅसवर चढवलं. चीक ढवळायला घेतला की मध्ये हात थांबवता येत नाही, गाठी होतात. म्हणून त्या सकाळी घरात कोण काय करतंय याकडे माझं लक्ष नव्हतं. पुढे जे झालं ते त्यामुळे झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. सासूबाईंनी मला विचारलं असतं की ट्रंकेतल्या सामानाला ऊन दाखवू का, तर मीही मान हलवली असती.

ट्रंक माझ्या मामांची. आईचे हे धाकटे भाऊ अकोल्याला एकटे राहतात. मामी गेल्या, मुलगी लग्न होऊन परदेशात. मार्चमध्ये मामा न्हाणीत पडले आणि बराच वेळ तसेच पडून राहिले. नळाचं पाणी वाहतंय आणि कोणी बंद करत नाही, एवढ्यावरून शेजारच्या बाईंना शंका आली, म्हणून दार तोडलं गेलं. हाड मोडलं नाही, पण पुढच्या वेळी शेजारच्या बाई माहेरी गेलेल्या असल्या तर काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मामांनी अमरावतीला आमच्याकडेच राहावं असं मी ठरवलं. त्यांनी ठरवलं नव्हतं.

"आठ दिवस येतो," ते फोनवर म्हणाले. "पाहुना म्हणून. भाच्चीच्या घरी कायमचं राहायला मी काय म्हातारा झालो का?"

ते पंचाहत्तरीचे आहेत.

तेवढेही ते आले असते की नाही शंकाच होती, पण मी म्हटलं, मामाजी, तुमचं मशीन आणि रेकॉर्डी गाडीत घालून आणू, आमच्या सासूबाईंना ऐकवा. तेव्हा तयार झाले. मामांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, पार धारणीपर्यंतच्या लग्नांत त्यांचा भोंगा झाडावर चढलेला आहे. त्यांच्या वडिलांनी हे चावीच्या ग्रामोफोनवर सुरू केलं. मशीनला हाताने चावी द्यायची, लाखेची जड रेकॉर्ड ठेवायची, प्रत्येक बाजूला पोलादी सुई नवी लावायची. रेकॉर्ड तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, की उलटवा, सुई बदला, चावी द्या. मामा लहानपणी सुयांची पत्र्याची डबी सांभाळायचे. मोठे झाले तेव्हा विजेचं मशीन आलं, पण गावात वीज नव्हती, म्हणून ते गाडीच्या बॅटरीवर चालवायचे. मग चेंजर आला. त्याच्या मधल्या दांड्यावर सात-आठ रेकॉर्डींची चळत लावायची, एक संपली की दुसरी आपोआप खाली पडायची. मामांच्या मते लाऊडस्पीकरवाल्याला पंगतीत निवांत बसता यावं एवढ्यासाठीच कोणीतरी तो शोधून काढला. नंतर कॅसेट आली, सीडी आली, डीजे आला आणि मामांनी धंदा गुंडाळला. रेकॉर्डी मात्र विकल्या नाहीत. त्यातल्या पंधरा-सोळा निवडक या ट्रंकेत होत्या आणि एक पेटीसारखं बंद होणारं मशीन सोबत होतं.

आल्या दिवशी संध्याकाळी माझ्या नवऱ्याने मोठ्या उत्साहाने एक खोका उघडला. ऑनलाइन मागवलेला नवा रेकॉर्ड प्लेअर. हल्ली कॉलेजातली मुलंसुद्धा नव्या छापलेल्या रेकॉर्डी घेतात, त्यांच्यासाठी निघतात तशातला. आकाशी रंगाची सुटकेस, आतच स्पीकर, मोबाइलही जोडता येतो. मामांनी सुईचा हात बोटावर तोलून पाहिला.

"जावईबापू, हे नांगर हाये," ते म्हणाले. "रेकॉर्ड वाजवन कमी, नांगरन जास्त."

"मामाजी, चांगले अभिप्राय होते त्याला."

"कोनाचे? सुई विकनाऱ्याचे?"

मग त्यांनी स्वतःचं मशीन उघडून दाखवलं. मोटर एका कोपऱ्यात, तिथून रबरी पट्टा थाळीला फिरवतो, त्यामुळे मोटरची थरथर सुईपर्यंत पोचत नाही. त्यांच्या आधीच्या मशीनमध्ये पट्टा नव्हता, रबराचं चाक थाळीच्या काठाला घासून ती फिरवायचं. ताकद जास्त, पण पोटात गुरगुर. आणि रेडिओवाल्यांकडे थाळी थेट मोटरच्याच दांड्यावर बसवलेली असते, बटन दाबलं की लगेच पूर्ण वेगात. अकोल्याच्या उन्हाळ्यात पट्ट्याचं डांबर होतं, म्हणून ते दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. नवरा मन लावून ऐकत होता. सासूबाईंना यातलं काही नको होतं.

"मामाजी, ट्रंकेले कुबट वास येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "उंदीर मेला का काय त्याच्यात?"

"डांबरगोळ्या हायेत, विहीणबाई."

"डांबरगोळ्याच्या खाली उंदीर."

विषय तिथे थांबला, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी म्हणजे दहा तारखेला मामा सकाळीच बडनेऱ्याला एका जुन्या मित्राकडे गेले. नवरा नांदगाव पेठेला कारखान्यात. मी सात वाजता गरम चीक आणि सोऱ्या घेऊन गच्चीवर चढले, दोन खाटा भरून कुरड्या घातल्या, खाली येऊन आंघोळ केली, स्वयंपाकाला लागले. आमच्याकडे मेच्या उन्हात सगळ्याला ऊन दाखवतात. डाळ, तिखट, गाद्या, लोकरीचे कपडे, पोथ्या, मुलांची जुनी पुस्तकं. पावसाळ्यात बुरशी नको असेल तर हे करायचंच असतं, आणि सासूबाईंच्या हातून ते एकाही वर्षी चुकलेलं नाही. मी भाजी चिरत असताना त्या तीन-चार वेळा जिना चढल्या-उतरल्या. मला वाटलं, गाद्या.

दीडच्या सुमारास कुरड्या उलटायला वर गेले. खाटांच्या पलीकडे स्वच्छ पांढरी चादर अंथरलेली. तिच्यावर, पापड घालतो तशा, एकमेकींना न चिकटवता, ओळीने रेकॉर्डी. कव्हरं वेगळी, त्यांवर वाऱ्याने उडू नयेत म्हणून खलबत्त्याचा बत्ता. नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या मोठ्या रेकॉर्डींचे काठ पंगतीतल्या द्रोणासारखे वर आले होते. लाखेच्या जुन्या रेकॉर्डी द्रोण झाल्या नव्हत्या, त्या चादरीच्या सुरकुत्यांवर मऊ पडून बसल्या होत्या.

सासूबाई माझ्यामागून वर आल्या.

"दोन्हीकळून ऊन देल्लं," त्या समाधानाने म्हणाल्या. "वास गेला पाह्य."

मी चादर चारही कोपऱ्यांनी ओढत जिन्याच्या सावलीत घेतली. उन्हाने त्या वाकतात, हे त्यांना सांगितलं. त्या खाली बसल्या, एक रेकॉर्ड बोटाने दाबून पाहिली, आणि म्हणाल्या, "प्लास्टिकची असते का ते? मले वाटलं दगडाची. एवढी जड."

मामा तीन वाजता आले. मी आधीच दारात सांगून टाकलं, कारण असल्या गोष्टी लांबवून काही सुधारत नाहीत. त्यांनी बूट काढले, पाणी प्यायले, जिना चढले. चादरीजवळ बसून एक-एक उचलून बाजूला ठेवली. चौथी की पाचवी हातात आली तेव्हा थांबले. सनईची मोठी रेकॉर्ड. तिचा एक काठ असा वळला होता की डोक्यावर ठेवली असती तर टोपी शोभली असती.

या रेकॉर्डीबद्दल मला लहानपणापासून माहीत होतं. गावात पोचलं, भोंगा झाडाला बांधला, तार ओढली, की मामा आधी हीच लावत. ती वाजल्याशिवाय दुसरं काही नाही. ती वाजली की लांबच्या वावरातल्या माणसालाही कळायचं, लग्नघर कुठे आहे. धंदा बंद केल्यावरही ते अकोल्याच्या घरी रोज सकाळी तिची एक बाजू ऐकत. आमच्याकडेही उद्या सकाळी लावणार होते.

"मामाजी," सासूबाई म्हणाल्या, "माह्याच हातानं झालं."

"नाई, विहीणबाई. तुमी चांगल्यासाठीच केलं." ते अगदी शांत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी उद्या जातो बाई अकोल्याले."

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

"आठ दिवस म्हटलं होतं तुमी."

"म्हटलं होतं. पन आता काय करू इथं? तुमी वाळवनं करून राहिल्या, जावई कामाले जाते. मी काय, कुरड्या राखू?"

"जा न मग," मी म्हटलं. "पन ह्या घेऊन कशा जाता? ट्रंकेत एकही बसत नाही आता."

हे मी काही युक्ती म्हणून बोलले नव्हते. खरंच बसत नव्हत्या. पण बोलता बोलता माझ्या डोक्यात पापड आले. पापड वाळताना वाकडे झाले तर आई ते थोडे दमट करायची, चळत लावायची, वर पाट आणि पाटावर वरवंटा. सकाळी सरळ. रेकॉर्ड दमट करून उपयोग नाही, पण ज्या उन्हाने ती वाकली त्याच उन्हात तिला सपाट वस्तूंमध्ये दाबून ठेवली तर? काच हवी, म्हणजे ऊन आत जाईल. बैठकीतल्या टीपॉयची काच होती. दुसरी शोकेसच्या फळीची. शोकेसमधली बक्षिसं, बाहुल्या, ताजमहाल मी पंधरा मिनिटांत दिवाणावर काढून ठेवले.

मामांना पटलं नाही. "आमी बिछान्याखाली ठेवत होतो. इस्त्री ठेवून पाह्यली होती एकानं. त्याची भजी झाली."

"तुमच्या ट्रंकेत नको असलेली आहे का एखादी?"

होती. परकी भाषा शिकवणाऱ्या धड्यांची, कोणीतरी फुकट दिलेली, चळतीत चुकून आलेली. ती काचांमध्ये घालून मी चार वाजताच्या उन्हात ठेवली आणि आत चहा करायला गेले. चहा झाला, सोबत सासूबाईंनी चिवडा काढला, मामांनी धारणीकडचं एक लग्न सांगितलं. जीप उशिरा पोचली, तर नवरदेव भोंगा वाजल्याशिवाय मांडवात यायलाच तयार नव्हता, वेशीवर बसून राहिला.

"माह्या लग्नात तं वाजलाच नाई," सासूबाई म्हणाल्या. "लाऊडस्पीकरवाला जेवला आन् झोपला. तुमच्यातलाच कोनी असन."

"चेंजर नसन त्याच्याजवळ," मामा म्हणाले.

यात वेळ गेला. वर जाऊन पाहिलं तर धडे चांगलेच सपाट झाले होते, इतके की रेघाही चपट्या होऊन काचेसारख्या चकाकत होत्या. मामांनी वाजवून पाहिली. गुरुजी पाण्याखाली बसून शिकवत असावेत तसं ऐकू आलं.

मामांनी ती दोनदा उलटून पाहिली. "वाकडेपन तं गेलं," ते म्हणाले. "ऊन जास्त झालं. सकाळचं पाहिजे. आन् लवकर काढाले पाहिजे."

"उद्या नऊला लावू," मी म्हटलं.

"उद्या मी..." एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

अकरा तारखेला ते गेले नाहीत. सकाळी नऊला काचा लागल्या. सासूबाईंना बसायला सावलीत वेताचा मोढा दिला, त्यांनी घड्याळ मागितलं नाही. सूर्य टाकीवरून अलीकडे आला की काढायची, हे त्यांनीच ठरवलं. वर काच धरली की आधी रेकॉर्डीवर थोडी पोकळी दिसायची, ती मिटत गेली की काम झालं. मग दोन्ही काचांसकट उचलून जिन्यातल्या थंड फरशीवर ठेवायची आणि वर तुरीच्या डाळीचा डबा. थंड व्हायच्या आत काच उचलली की रेकॉर्ड पुन्हा कुरकुर करत वर येते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. ते उतावीळपणामुळे, आणि उतावीळ मामा होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कामाला शिस्त लावली. सकाळी उन्हाआधी ब्रशने रेकॉर्ड झाडायची, म्हणजे काचेखाली कण दाबला जाऊन रेघ पडणार नाही. नवऱ्याने कोणत्या तरी व्हिडिओत पाहून स्पिरिटची बाटली आणली होती, रेकॉर्डी पुसायला. प्लास्टिकवाल्यांना ते चालतं, लाखेवर घातलं तर लाख विरघळून बोटाला येते. बाटली उघडलेली पाहताच मामांनी ती काढून घेतली आणि सासूबाईंच्या ताब्यात दिली.

"विहीणबाई, ही लपवा. जावई लय शिकलेले हायेत."

लाखेच्या रेकॉर्डींतली एक काचेखाली तडकली. मामांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, बाजूला ठेवले आणि पुढची घेतली. बाकीच्या बऱ्या झाल्या. रोज चार-पाच व्हायच्या. दुपारी कूलरसमोर बसून ते त्या वाजवून तपासत, सासूबाई सोबत मूगवड्यांची डाळ निवडत आणि मत देत.

"हे बाई काहून रडून राहिली?"

"विरहाचं हाये."

"तीन मिनिटं रडाले तिले माईक लागला का?"

मी रोज संध्याकाळी मनाशी एकच हिशेब करायचे. आज त्यांनी जायचं नाव काढलं का? तेरा तारखेला काढलं. जेवताना म्हणाले, "परवा बस पकडतो." सनईची रेकॉर्ड त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती, आणि ती उद्या लागणार होती. ती सरळ झाली तर ट्रंक भरून अकोला, नाही झाली तर ट्रंकेशिवाय अकोला, असं मला दिसत होतं. मला दोन्ही नको होतं. पण काचा धरायला तर जायलाच हवं होतं.

चौदाला सकाळी आम्ही तिघंही वर होतो. तिचा वळलेला काठ काचेला टेकायला तयार होईना. मामा म्हणाले, ऊन वाढू दे. सासूबाई म्हणाल्या, नको, त्या मास्तरासारखी व्हईल. मी दोन्ही बाजूंनी तळव्यांनी काच दाबून धरली. काच तापलेली होती, म्हणून हातांखाली ओला पंचा घेतला. मग काठ हळूहळू बसला. पूर्ण नाही. एका जागी जरासा उंचवटा राहिला.

"काढा," मामा म्हणाले.

"अजून थोडं राहिलंय."

"राहू दे. काढा."

दुपारपर्यंत ती डाळीच्या डब्याखाली होती. जेवण झाल्यावर मामांनी मशीन उघडलं, रेकॉर्ड ठेवली, सुईचा हात उचलून काठावर सोडला. दर फेऱ्याला सुईचा हात त्या उंचवट्यावरून चढायचा आणि उतरायचा. सनई नीट वाजत होती, फक्त तेवढ्या जागी स्वर किंचित वर जाऊन खाली यायचा.

सासूबाईंनी कान दिला. "वाजवनाऱ्याले उचकी लागली," त्या म्हणाल्या.

मामा हसायला लागले. असे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. बाजू संपेपर्यंत दर उचकीला दोघं हसत होते. शेवटी हात आपोआप मधे येऊन थांबला, तेव्हा त्यांनी रेकॉर्ड उलटली नाही. उचलून उन्हाच्या तिरिपेत आडवी धरून पाहिली.

"अजून एकदा द्यावं लागन ऊन," ते म्हणाले. "आता नाई. आता ऊन लय कडक. दिवाळीनंतरचं कवळं ऊन असते, त्याच्यात हळू-हळू बसन."

"दिवाळीनंतर?" मी विचारलं.

"मंग काय आता जाळू का तिले?"

"तवरोक काय करान तुमी?" सासूबाईंनी विचारलं.

"बाकीच्या हायेत न अकोल्याले. कपाट भरून. त्या काय सरळ हायेत असं वाटते तुमाले? चाळीस उन्हाळे काढले त्याईनं पत्र्याखाली."

सासूबाईंनी डाळ निवडायचं सूप बाजूला ठेवलं. "आना मंग," त्या म्हणाल्या. "पन त्या ट्रंकेत आनू नका."

मी जेवणाची ताटं उचलत होते. मामांनी शर्टाच्या खिशातून घराची किल्ली काढली आणि ओट्यावर ठेवली. "तूच जाय बाई," म्हणाले. "माह्यानं ते उचला-उचली होत नाई आता. दूधवाल्याले सांग. आन् शेजारच्या बाईले सांग, नळ चालू राहिला तं दार तोडाचं काम नाई."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी अकोल्याला गेले. दूधवाल्याला गाठलं, पेपर बंद केला, शेजारच्या बाईंना निरोप दिला आणि कुरड्यांचा डबा दिला. मामांचा फ्रिज रिकामा करून पुसला, त्याचं दार फटीएवढं उघडं ठेवलं, सिलिंडरचं रेग्युलेटर काढलं, पाण्याचा मुख्य कॉक बंद केला. मग रेकॉर्डींचं कपाट उघडलं, दोन जुन्या चादरी फाडल्या आणि एक-एक रेकॉर्ड उभी गुंडाळायला बसले.